दोनची गोळी



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. वाईच्या घाटांवरचा लेख अर्धा लिहून पडला आहे, त्याचा पुढचा भाग कधी म्हणून दोघातिघांनी विचारलं. तो येईल सावकाश. मधल्या काळात घरात एक प्रकार घडला आणि तो लिहून काढल्याशिवाय दुसरं काही सुचेना. विषय तसा माझ्या आवाक्यातला नाही. मोबाइलमधलं ॲप आपण त्याच्याकडे बघत नसताना आपलं काम कसं करतं, आणि ते कोणत्या पद्धतीनं करायचं हे ॲप लिहिणाऱ्यानं कसं ठरवायचं, असा तो विषय. मी मराठी माध्यमातला बी. ए., सगळी नोकरी इतिहास आणि मराठी शिकवण्यात गेली. तेव्हा कुठे चुकलो तर जाणकारांनी कान धरावा.

आमच्या हिला कंपवात आहे. नातेवाइकांना माहीतच आहे, इतरांसाठी सांगतो. सात वर्षं झाली. लेव्होडोपाची गोळी दिवसातून पाच वेळा घ्यायची: सकाळी ७, साडेदहा, दुपारी २, साडेपाच आणि रात्री ९. या औषधाचा अंमल काही तासच टिकतो. तो आहे तोवर ही चालते, बोलते, क्वचित मला ओरडतेसुद्धा. अंमल उतरला की पाय फरशीला चिकटल्यासारखे होतात, बोटांत गोळीच्या डबीचं झाकण उघडण्याइतकीही ताकद उरत नाही, आणि आवाज इतका बारीक होतो की शेजारच्या खोलीत पोचत नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "सर, गोळी चुकवू नका एवढंच नाही, वेळसुद्धा चुकवू नका."

पूर्वी मी गजराचं घड्याळ लावत असे. मग गेल्या दिवाळीत आमच्या नातीनं आजीसाठी एक ॲप करून दिलं. नात पुण्याला नोकरी करते, ॲप लिहिणं हाच तिचा व्यवसाय. गोळीची वेळ झाली की मोबाइल वाजायचा, गोळी दिली की मी एक बटण दाबायचं, आणि ती नोंद आपोआप आमच्या चिरंजीवांकडे जायची. ही संध्याकाळी अंगणात फिरते तेही त्यात टिपलं जायचं. डॉक्टरांना महिन्याचा तक्ता दाखवला तर ते खूश! मी घड्याळ माळ्यावर टाकलं आणि येईल त्याला ॲप दाखवत सुटलो. नातीचं कौतुक, दुसरं काय.

हिवाळाभर सगळं ठीक चाललं. म्हणजे तसं ठीक म्हणायचं. साडेदहाचा गजर कधी दहा अडतीसला वाजायचा, कधी दहा चाळीसला. माझ्या ते लक्षात आलं होतं. पण आठ-दहा मिनिटांनी काय होतंय, असं म्हणून मी सोडून दिलं. शाळेत हजेरीला दहा मिनिटं उशिरा आलेल्या पोराला मी बाहेर उभं करत असे, हे इथे आठवलं की बरं वाटत नाही.

चैत्रातला रविवार. उन्हाळा लागला की मी दुपारी आडवा होतो, हिवाळ्यात झोपत नाही. कानातलं यंत्र काढून ठेवलं, मोबाइल उशाशी स्टुलावर ठेवला. त्याचा आवाज आणि थरथर यंत्राशिवायही कळते. ही पलीकडच्या खोलीत खुर्चीवर पेपर वाचत होती. मला जाग आली ती आपली आपण. किती वाजले म्हणून मोबाइल उचलला, तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि मी तो हातात घेतला त्या क्षणी तो खणखणीत वाजायला लागला. पडद्यावर अक्षरं, "आजीची दोनची गोळी".

धावत गेलो. ही खुर्चीतच होती. पेपर खाली पडलेला. तो उचलायला ती वाकली असावी आणि मग तशीच अडकली असावी, अर्धवट वाकलेली, एक हात खुर्चीच्या दांडीवर. मला हाका मारल्या होत्या. किती, ते तिनं सांगितलं नाही. मी गोळी दिली, पाणी दिलं, पाठ चोळली. अंमल चढेपर्यंत पाऊण तास गेला. तेवढ्या वेळात ती एकच वाक्य बोलली.

"समोर घड्याळ दिसत होतं हो मला."

मंडळी, पंचाहत्तरी गाठली, पण इतकं लागलेलं दुसरं वाक्य मला आठवत नाही.

संध्याकाळी नातीला फोन केला आणि बोलू नये ते बोललो. पगार घेता तो कशाचा, वगैरे. ती गप्प राहिली. शुक्रवारी रात्रीच्या एस.टी.नं घरी आली, आजीच्या मांडीवर डोकं ठेवून बसली, आणि शनिवारी सकाळी चहा झाल्यावर माझ्यासमोर लॅपटॉप उघडून म्हणाली, "आबा, चूक माझीच आहे. काम बरोबर होतं, पण चुकीच्या माणसाकडे दिलं." मग म्हणाली, "डोझमुळे डोस चुकला."

हा डोझ काय ते आधी सांगतो, कारण सगळी मेख तिथे आहे. (सनावळी मी वहीत उतरवून घेतली. सवय जात नाही.) अँड्रॉइड फोनमध्ये पूर्वी कुठलंही ॲप मनाला येईल तेव्हा फोनला जागं करू शकत असे. साठ पोरांच्या वर्गात दर मिनिटाला एकेकानं उठून "सर, पाणी पिऊन येऊ?" म्हणावं, तसा प्रकार. त्यात बॅटरी संपायची. म्हणून २०१५ साली अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीत डोझ आला. डोझ म्हणजे डुलकी. फोन चार्जरला लावलेला नाही, पडदा बंद आहे आणि बराच वेळ हललेला नाही, असं दिसलं की तो डुलकी घेतो. मग ॲपांची साठलेली कामं मधूनमधून एकदम उरकायला परवानगी मिळते. पाणी प्यायची सुट्टी सगळ्यांना एकदमच! आणि डुलकी लांबत गेली की या सुट्ट्यांमधलं अंतरही वाढत जातं. फोन कुणी उचलला, पडदा लावला किंवा चार्जरला जोडला की डुलकी मोडते, आणि तुंबलेली कामं एकदम बाहेर येतात.

म्हणजे मी किती वाजले बघायला मोबाइल उचलला, म्हणूनच तो वाजला. उचलला नसता तर आणखी किती वेळ वाजला नसता, देव जाणे.

हिवाळ्यात का चाललं, तेही मग कळलं. दिवसभर मोबाइल माझ्या सदऱ्याच्या खिशात. मी हलतोय, तो हलतोय, त्याला गाढ झोप लागेल कशी? उन्हाळ्यात मी झोपलो, माझ्याबरोबर तोही झोपला.

"पण तू तपासलं नव्हतंस का?" मी विचारलं.

"तपासलं होतं ना. दहादा." पण कसं? तर फोन लॅपटॉपला वायरनं जोडलेला, म्हणजे चार्ज होत असलेला, पडदा चालू, आणि ही समोर डोळे लावून बसलेली. मला हसूच आलं. साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर शाळा कशी वागते, ते मी चौतीस वर्षं पाहिलंय. फळे काळेभोर, पोरं चिडीचूप. तपासणी करायची तर न सांगता, शनिवारी शेवटच्या तासाला करावी.

आता चुकीचा माणूस कोण, ते. तिनं गजराचं काम वर्कमॅनेजर नावाच्या सोयीकडे दिलं होतं. गूगलची ही सोय २०१९ साली पक्की झाली, आणि मागे राहून करायच्या कामांसाठी आधी तिच्याकडे बघा, असंच शिकवलं जातं. तीत खोट नाही. तिनं ती कशी आहे ते सांगितलं तेव्हा मला आमच्या शाळेचे हेडक्लार्क आठवले. त्यांच्याकडे पत्र दिलं की ते जावक वहीत चढायचं आणि जायचं म्हणजे जायचंच. लाइट गेले, पोस्ट बंद झालं, मधे दिवाळीची सुट्टी आली, तरी सुट्टीनंतर ते पत्र ट्रेमधून बरोबर निघायचं. पण "आत्ता, याच मिनिटाला टाका" म्हटलं तर ते चष्म्यावरून बघायचे. वर्कमॅनेजर तसाच. फोन बंद करून चालू केला तरी काम विसरत नाही, इंटरनेट नसेल तर ते येईपर्यंत थांबतो, जमलं नाही तर पुन्हा प्रयत्न करतो. होणार हे नक्की, कधी होणार ते फोनच्या सोयीनं. त्यातून तिनं "ठराविक वेळानं उठून बघ, गोळीची वेळ झाली का" असं काम लावलेलं, आणि असं पुन्हा पुन्हा करायचं काम पंधरा मिनिटांपेक्षा कमी अंतरानं लावताच येत नाही. साडेदहाचा गजर दहा अडतीसला का वाजत होता, त्याचा उलगडा झाला.

थोडक्यात, तासाची घंटा देण्याचं काम तिनं हेडक्लार्ककडे दिलं होतं.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली, ती मला फार झोंबली. २०१८ पासून अँड्रॉइड ॲपांची वर्गवारी करतो. तुम्ही जे सारखं उघडता ते पहिल्या बाकावर, जे क्वचित उघडता ते मागच्या बाकावर, आणि मागच्या बाकावरच्यांची कामं आणखी मागे ढकलली जातात. आता गोळीची आठवण करणारं ॲप माणूस कशाला उघडून बसेल? ते वाजलं, बटण दाबलं, संपलं. दिवसभर व्हिडिओ दाखवणारं ॲप पहिल्या बाकावर आणि हे बिचारं मागे. वर्गात असंच होतं. जे पोर गुपचूप आपलं काम करतं त्याचं नाव मास्तरांना वर्ष संपलं तरी आठवत नाही. माझ्याही हातून झालंय ते.

मग तिनं सेटिंग्ज उघडल्या आणि थांबली. "आबा, बॅटरी सेव्हर कुणी चालू केला?"

मी खिडकीबाहेर बघितलं. मार्चमध्ये मीच केला होता. सारखं चार्ज करावं लागतं म्हणून. काटकसरीची हौस! मागे चालणाऱ्या कामांवर त्यानं आणखी टाच येते, हे मला काय ठाऊक. फोनवर नातीला जे बोललो त्यातलं निम्मं तिथल्या तिथे परत घेतलं. उरलेलं दुपारी जेवताना घेतलं.

दुरुस्तीला तिनं आधी भलताच मार्ग धरला होता, हेही लिहितो. धास्तीपोटी तिनं ॲपला कायम जागंच ठेवायचं ठरवलं. याला फोरग्राउंड सर्व्हिस म्हणतात. यात ॲपला चालू राहता येतं, पण त्याबद्दलची पाटी पडद्याच्या वरच्या बाजूला दाखवावी लागते, चोरून काही करता येत नाही. परीक्षेच्या पर्यवेक्षकानं बिल्ला लावून वर्गात उभं राहावं, तसं. "आजीच्या गोळ्यांवर लक्ष आहे" अशी पाटी दिवसभर झळकत राहिली आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी तळाला गेली. पाच घंटा द्यायला माणूस दिवसभर उभा करून ठेवायचा! तिनंच कान पकडले. या पद्धतीची जागा वेगळी आहे. संध्याकाळी मी आणि ही अंगणात वीस मिनिटं चालतो, तेवढा वेळ चालणं मोजायला पर्यवेक्षक उभा राहिला तर योग्यच. आम्हाला ते दिसतंय, आम्हीच सुरू केलंय, आणि घरात आलो की तोही घरी जातो. २०२३ च्या चौदाव्या आवृत्तीपासून तर हा पर्यवेक्षक कोणत्या प्रकारच्या कामासाठी उभा केलाय, तेही ॲपला आधी जाहीर करावं लागतं.

मग घंटा कुणी द्यायची? आमच्या शाळेत शिपाईमामा होते. त्यांना दुसरं काही सांगायचं नाही, घड्याळाकडे बघायचं आणि टोल द्यायचा. एकदा हेडमास्तर वर्गावर तावातावानं बोलत असताना मामांनी घंटा दिली, तेव्हा "थांबायचंत जरा" म्हणून साहेब चिडले. मामा म्हणाले, "साहेब, घड्याळ थांबलं न्हाई." अँड्रॉइडमध्ये हे शिपाईमामा म्हणजे अलार्ममॅनेजर. त्यातही प्रती आहेत. साधा गजर डुलकीत मागे पडतो. डुलकीतही वाजायची मुभा असलेला एक आहे, पण तो डुलकी चालू असताना एका ॲपला नऊ मिनिटांत एकदाच वाजवता येतो. आमच्या ॲपमध्ये बटण दाबेपर्यंत दर पाच मिनिटांनी पुन्हा वाजायची योजना होती, ती तिथे अडली असती. आणि तिसरा खरा घड्याळाचा गजर, जो लावला की पडद्याच्या कडेला घड्याळाचं चिन्ह दिसतं. त्याच्यासाठी फोन वेळेच्या जरा आधी आपली डुलकी मोडतो. दोनच्या गोळीला तोच हवा होता.

"मग सगळ्यांनाच तो देऊन टाकायचा," मी म्हटलं.

"सगळ्यांनी घेतला तर पुन्हा दोन हजार चौदा साल येईल, आबा."

म्हणून २०२१ च्या बाराव्या आवृत्तीपासून अचूक वेळेचा गजर हा वेगळा हक्क ठरला. आधी तो बहुधा आपोआप मिळायचा. चौदाव्या आवृत्तीपासून नव्यानं घातलेल्या बहुतेक ॲपांना तो सुरुवातीला बंदच असतो, फोनच्या मालकानं सेटिंग्जमध्ये जाऊन आपल्या हातानं द्यावा लागतो. नातीनं मला तिथपर्यंत नेलं आणि म्हणाली, "हे मी नाही दाबायचं, तुम्ही दाबायचं." दाबलं. आता हा हक्क कुणी काढून घेतला तर ॲप उघडल्यावर लाल अक्षरांत तसं सांगतं, हेही तिनं घातलं. फोन बंद करून चालू केला की लावलेले गजर पुसले जातात, ते ॲपनं पुन्हा लावायचे असतात. सुट्टीनंतर वेळापत्रक फळ्यावर नव्यानं लिहावं लागतं, तसंच.

चिरंजीवांना जाणारी नोंद मात्र तिनं हेडक्लार्ककडेच ठेवली. ती तासाभरानं गेली तर कुणाचं काय अडतंय? पण गेली पाहिजे, आणि ते काम त्याच्याइतकं चोख कुणी करणार नाही.

ऐकताना मला वाटलं, हे तर आम्ही आयुष्यभर करत आलो. उशीर चालेल का, आणि उशीर झाला तर भोगणार कोण? या दुसऱ्या प्रश्नाला तिनं आधी उत्तर शोधलं नव्हतं. आणि मीही नाही. ॲप आलं तेव्हा मी घड्याळाबरोबर आणखी काहीतरी माळ्यावर टाकलं होतं, असं आता वाटतं. पूर्वी दोन वाजायला आले की मी आपला आपण उठत असे.

असो. धाकट्या बंधूंच्या घरी आयफोन आहे, त्यांच्यासाठी दोन ओळी: तिथे ॲपनं स्वतः जागं राहायची गरजच नाही. ठरल्या वेळेच्या सूचना आधीच फोनकडे सोपवून ठेवता येतात, आणि त्या वेळेवर दाखवायचं काम फोन करतो. एका ॲपच्या जास्तीत जास्त चौसष्टच रांगेत राहतात, पण "रोज दोन वाजता" ही एकच मोजतात. मागे चालायच्या बाकीच्या कामांना मात्र तिथेही "अमुक वेळेच्या आधी नको" एवढंच सांगता येतं, "अमुक वेळेला कर" असं नाही.

रविवारी नात परत जायच्या आधी म्हणाली, संगणकावरून हुकूम देऊन फोनला बळेच झोपवता येतं, तसं करून बघितलं, गजर वाजला. मी म्हटलं, ही झाली साहेबांची तपासणी. आता आम्ही आमची करू. मोबाइल चार्जरवरून काढला, स्टुलावर ठेवला, दुपारभर हात लावायचा नाही. माळ्यावरून गजराचं घड्याळ काढून पुसलं, दोनला पाच कमी असताना लावून जवळ ठेवलं. म्हटलं, मोबाइल नापास झाला तर गोळी नको चुकायला. (तपासणीच्या काळात फक्त, असं नातीला सांगितलं. अजून तिथेच आहे.) हिची खुर्ची त्या खोलीतून उचलून माझ्या पलंगाला लागून ठेवली आणि परीक्षक म्हणून हिलाच नेमलं. वही-पेन्सिल दिली. समोर भिंतीवरचं घड्याळ.

कंपवातात अक्षर बारीक होत जातं. हिचं पूर्वीचं अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं टपोरं होतं, माहेरच्यांना आठवत असेल. आता भिंग घेऊन वाचावं लागतं. पण तिनं आठवडाभर रोज लिहिलं. सोमवार २.००. मंगळवार २.००. बुधवार २.००, घड्याळाचा गजर १.५५ ला, दोन्ही ठीक. गुरुवारी मी आग्रह करून फोन बंद करून चालू केला होता, तरी २.००.

शुक्रवारची नोंद जरा लांब आहे. भिंगातून लावली ती अशी: "२.०० ला वाजला. आधी घड्याळही वाजले. हे उठले नाहीत. मी चिमटा काढला."